चौदाशे डिग्रीची वाळू

भीमाप्पाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. उचगावात नळाला पाणी चारला यायचं आणि पाचला जायचं. त्या एका तासात घरचं पाणी भरून उरलेल्या वेळात घरामागच्या परड्यातल्या तळ्याला घागरी घालायच्या. तळं नऊ फूट लांब, सहा रुंद, तीन खोल. आठवड्याला निम्मं पाणी बदललं नाही तर ते हिरवं पडायचं आणि मासे वर येऊन तोंडं उघडायचे. निम्मं म्हणजे दीडशे घागरी. रोजच्या वीस-बावीस. जुनं पाणी चन्नम्मा बादलीनं उपसून केळीला घालायची, नवं भीमाप्पा घालायचा. सहाला भाकरी बांधून सायकलवर टांग मारायची आणि सातच्या आत शिरोलीच्या फाउंड्रीत हजर व्हायचं.

तो मोल्डर होता. लोखंडी पेटीत लाकडी नमुना ठेवायचा, वर वाळू टाकायची आणि जड रॅमरनं ती ठोकून ठोकून दगडासारखी करायची. मग त्या साच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. दिवसाला चाळीस पेट्या. एका पेटीला शंभर ठोके धरले तरी चार हजार होतात. अठरा वर्षं हे केल्यावर त्याचे खांदे बैलासारखे झाले होते आणि स्वभाव त्याहून वाईट.

मार त्याला नवा नव्हता. लहानपणी बापानं कासऱ्यानं फोडला, तेव्हा पाठीवर उठलेले वळ पांढरे होऊन राहिले ते राहिलेच. फाउंड्रीत एकदा ओला साचा उडाला आणि बीड कारंज्यासारखं वर आलं. शेजारचा माणूस जागच्या जागी पेटला. भीमाप्पानं त्याच्यावर वाळू लोटली. माणूस वाचला, पण त्याला कान राहिले नाहीत. असलं बघून माणूस मऊ होतो असं म्हणतात. भीमाप्पा झाला नाही. गेटवर भांडण, चहाच्या गाड्यावर भांडण, एसटीत खिडकीवरून भांडण, आणि प्रत्येक भांडणात बोलण्याआधी हात.

शहाण्णव साली भाकरी करायला उशीर झाला म्हणून त्यानं चन्नम्माच्या तोंडावर जेवणाचा डबा फेकून मारला. पुढचा दात तुटून चुलीत पडला. तिनं पदरानं रक्त पुसलं, लेक शांभवीला उठवलं आणि निपाणीला भावाकडे निघून गेली. आठ महिने आली नाही. भीमाप्पा तीनदा जाऊन दारातून परत आला. चौथ्या वेळी ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"येतो मी," ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या बाईसारखी ती येतो-जातो असंच बोलायची. "पन एक सांगतो. माझ्यावर न्हवं, कुनावर बी हात उचललासा, त्या दिवशी मी जातो. मग किती बी येरझाऱ्या घाला, दार उघडायचं न्हाय."

"न्हाय उचलत."

"शपथ नको. ध्यानात ठेवा."

तिच्याबरोबर निपाणीहून एक कळशी आली. आत सहा लाल मासे. तिच्या माहेरी विहिरीत मासे सोडायची पद्धत होती. ती लहानपणापासून त्यांना पीठ टाकत आलेली. आधी तिनं ते म्हशीच्या पाणी प्यायच्या जुन्या दगडी डोणीत ठेवले. भीमाप्पाला माफी मागता येत नव्हती. त्यानं सुट्टीच्या चार सोमवारी पहारीनं मुरूम फोडला, खड्डा खणला, विटा लावल्या आणि आतून सिमेंट केलं. चन्नम्मानं मासे त्यात सोडले तेव्हा ती हसली, आणि तुटक्या दातावर चटकन पदर घेतला. भीमाप्पानं मान फिरवली.

दोन वर्षांत सहाचे चाळीसच्या वर झाले.

परड्याच्या पलीकडे कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे गुंडू. तो त्याच फाउंड्रीत, पण कोअरच्या खात्यात. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, आतून पोकळ ठेवायचं तर आत वाळूचा गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. त्या वाळूत राळेसारखं चिकट रसायन कालवावं लागतं. गुंडूचे डोळे त्यानं बारा महिने लाल. तोंडानं मोठा, पण मनात काही ठेवत नसे. भिंतीवर कोपरं टेकून तो रोज विचारायचा, "चन्नाक्का, रस्सा कवा?"

"तुमच्या बाराव्याला," चन्नम्मा म्हणायची.

"लिंगायताच्या परड्यात मासळी आन मराठ्याच्या ताटात भेंडी! काय दिवस आल्यात बघ, बायडे!"

त्याची बायको बायडाबाई गोठ्यातून ओरडायची, "भेंडी मिळतीया ह्येच लई हाय!"

नव्व्याण्णवच्या मार्चात चन्नम्माची कंबर धरली. बादली उचलता येईना. एकट्यानं उपसायचं आणि एकट्यानंच भरायचं म्हटल्यावर भीमाप्पाचं नळाच्या त्या एका तासात निम्मंच काम उरकायला लागलं. पाणी हिरवं झालं. दोन मासे मेले. चन्नम्मा काठावर बसून बघत राहिली, बोलली नाही. ती बोलली नाही की भीमाप्पाला भीती वाटायची.

राजारामपुरीत एका दुकानाच्या काचपेटीत त्यानं पाणी गाळायचं यंत्र बघितलं. दुकानदाराला विचारलं आत काय असतं. तो म्हणाला, स्पंज, कोळसा, बारीक खडे. भीमाप्पानं मनात म्हटलं, हे तर मी झोपेत करीन. वाळू म्हणजे काय ते आपल्याला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

भंगारवाल्याकडून दोनशे लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम घेतला. कूलरचा जुना पंप घेतला. जीआय पाइपाचे तुकडे फाउंड्रीच्या भंगारातून मागून आणले. ड्रमच्या बुडाशी तोटी बसवली. तळाला जाळी, तिच्यावर विटांचे तुकडे, मग खडी, मग नारळाच्या करवंट्या जाळून केलेला कोळसा धुऊन, त्यावर वीतभर वाळू आणि सगळ्यात वर काथ्या. पंप तळ्यातलं पाणी ड्रमात वरून सोडणार, ते थरांतून खाली उतरणार आणि तोटीतून परत तळ्यात पडणार.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा पाणी खाली उतरेचना. ड्रम भरून काठावरून वाहायला लागला. गुंडूनं भिंतीवरून वाकून आत बोट घातलं आणि हसून हसून त्याला खोकला आला.

"भीम्या! लेका, वाळू ठोकलीयास की रं! बीड ओतायचं हाय का हितं?"

खरंच होतं. अठरा वर्षांच्या सवयीनं त्यानं वाळू टाकली आणि ठोकली. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. त्यानं ओठ चावला, ड्रम आडवा केला आणि सगळं उपसून काढलं. तीन तास गेले. ठोकलेली वाळू टिकावानं फोडावी लागली आणि मातीत मिसळून वाया गेली.

पुढच्या सोमवारपर्यंत त्यानं दुसरी वाळू आणली. रोज सायकलवर एक पोतं, चार दिवस चार पोती. बीड ओतून झाल्यावर साचे फोडले की कोअरची वाळू ढिगानं पडते. पांढरट, एकसारख्या दाण्याची. मातीचा कण नाही. ती त्यानं चाळणीनं तीनदा चाळली.

गुंडूनं पोत्यात हात घालून वास घेतला. आता तो हसत नव्हता.

"ही नको."

"का?"

"माझ्या खात्यातली हाय. ह्या वाळूनं डोळं झोंबत्यात. नदीची घे, पंचगंगेची. मी आनतो की बैलगाडीनं."

"ही चौदाशे डिग्रीतनं निघालीया. बिडात भाजलीया. हिच्यापरास स्वच्छ वाळू जगात न्हाय."

"सगळी भाजत न्हाय, मर्दा. आतली तशीच ऱ्हातीया. तुला मोल्डिंग कळतंय, कोअर न्हाय कळत."

हे शेवटचं बोलायला नको होतं. भीमाप्पानं भिंतीवरून हात घालून गुंडूची बंडी धरली आणि त्याला निम्मा अलीकडे ओढला. विटेला घासून गुंडूचं पोट सोललं.

"अठरा वरसं वाळू खाल्लीया मी!"

"सोड! खा आजून! आन मासळी मेली तर बोंबलत हिकडं येऊ नगस!"

"अवो," मागून चन्नम्मा म्हणाली. ती दारात उभी होती. एवढंच म्हणाली.

भीमाप्पानं बंडी सोडली. हात खाली घेतला. गुंडू पोट चोळत शिव्या देत घरात गेला. चन्नम्मानं दाराची चौकट सोडली नाही, आणि तिच्या नजरेतला हिशेब भीमाप्पाला नीट कळला. अर्धा हात वर गेला होता. अजून अर्धा राहिला होता.

त्या संध्याकाळी ड्रम चालला. वाळू सैल टाकली होती, पाणी उतरलं, तोटीतून काचेसारखी धार तळ्यात पडायला लागली. मंगळवारी रात्री झोपताना तळ्याचा तळ दिसत होता. चन्नम्मानं तळ्यात पीठ टाकलं आणि म्हणाली, "उद्या पाण्याला उठू नगासा. निजा."

बुधवारी भीमाप्पा बऱ्याच वर्षांनी साडेपाचपर्यंत झोपला. उजाडलं तेव्हा परड्यात आला.

सगळे मासे वर होते. पोटं वर करून, एकाला एक चिकटून. तोटीची धार पडेल तिथं ते हलायचे, म्हणून क्षणभर जिवंत वाटायचे. त्यानं एक उचलला. कल्ल्यातून रक्त आलं होतं. आणि पाण्याला वास होता. दवाखान्यात फरशी पुसल्यावर येतो तसला, फिनेलचा.

त्यानं वर बघितलं. भिंतीवर फिनेलची काळी बाटली होती, निम्मी रिकामी. बायडाबाई पलीकडे गोठा धूत होती. गुंडू पायरीवर बसून राखुंडीनं दात घासत होता.

भीमाप्पाला पुढचं काही सुचलं नाही. पाइपाचा दोन हात लांब तुकडा ड्रमपाशी पडला होता. तो त्याच्या हातात आला. भीमाप्पा भिंत ओलांडून गेला.

"फिनेल वतलंस व्हय रं! तुझा शबूद खरा कराया!"

गुंडूच्या तोंडात राखुंडी होती. "क्..." एवढंच आलं आणि त्यानं उजवा हात डोक्यावर घेतला. पाइप कोपरावर बसला. दुसरा मनगटाच्या वर बसला, आणि तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. गुंडू पायरीवरून खाली आला. तिसरा बरगडीत. चौथा परत त्याच हातावर, कारण गुंडू तोच पुढं करत होता.

बायडाबाईनं शेणाची पाटी भीमाप्पाच्या तोंडावर मारली आणि त्याच्या दंडाला चावली. मांस तुटेपर्यंत सोडलं नाही. चन्नम्मा मोडक्या कमरेनं भिंत कशी चढली देव जाणे. तिनं दोन्ही हातांनी पाइप धरला. भीमाप्पानं झटका दिला. ती मागं फेकली गेली आणि तिचं कपाळ गुंडूच्या गोठ्यातल्या डोणीच्या काठावर आपटलं.

मग तो थांबला.

गल्ली जमली होती. दुधाचा टेम्पो अडवून गुंडूला त्यात घातलं. त्याचा हात खांद्यापासून लोंबत होता आणि तो ओरडत नव्हता, नुसता श्वास घेत होता. टेम्पो गेल्यावर गल्लीनं भीमाप्पाला विजेच्या खांबाला बांधलं. त्यानं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. चपला, काठ्या, एकानं सायकलची चेन. एक डोळा बंद झाला, दोन दात गेले. दहा वाजता उन्हानं लोक पांगले तेव्हा कुणीतरी दोरी कापली.

घरात चूल विझलेली होती. खुंटीवरची चन्नम्माची दोन लुगडी नव्हती. शांभवीचं दप्तर नव्हतं. उंबऱ्यावर रक्ताचे थेंब होते आणि ते बाहेरच्या दिशेनं गेले होते.

तो परड्यात आला. काही तरी करायला हवं म्हणून त्यानं मासे बादलीत भरायला घेतले. वास अजून होता. आता त्याला वाटलं, फिनेल तळ्यात ओतलं असतं तर पाणी पांढरं झालं असतं. हे तर काचेसारखं होतं. तोटीखाली ओंजळ धरून त्यानं नाकाशी नेली. तोटीच्या पाण्याला वास जास्त होता. तळ्यापेक्षा कितीतरी जास्त.

न वापरलेलं चौथं पोतं जिन्याखाली होतं. त्यानं पातेल्यात पाणी तापवलं, त्यात दोन मुठी वाळू टाकली आणि वर ताट झाकलं. मग ताट काढलं. वाफ नाकात गेली आणि त्याचे डोळे झोंबले.

गुंडूचे डोळे बारा महिने असेच झोंबत होते.

त्यानं पातेलं भिंतीवर मारलं. मग डोकं मारलं. दोनदा, तीनदा. त्यानं काही होईना म्हणून तो उठला आणि चालत निघाला. उचगावपासून कोल्हापुरातल्या सीपीआर दवाखान्यापर्यंत सगळा रस्ता तो पायी गेला. तोंड सुजलेलं, सदऱ्यावर शेण आणि रक्त. रिक्षावाले बघून पुढं जात होते.

गुंडू खाटेवर होता. हात फळीला बांधलेला. भीमाप्पा पायथ्याशी उभा राहिला.

"वाळूच हुती," तो म्हणाला.

गुंडूनं छताकडे बघितलं. "सांगितलं हुतं की."

"व्हय."

बायडाबाईनं पायातली चप्पल काढली. पहिली कानशिलावर, दुसरी तोंडावर. नर्स ओरडली. बायडाबाई थांबली नाही. सात-आठ मारून दम लागला तेव्हा तिनं चप्पल खाली टाकून पायात घातली.

"चौकीवर जातो मी," भीमाप्पा म्हणाला. "कबूल करतो. आत टाकू देत."

"आन मग?" बायडाबाई म्हणाली. "तू आत भाकरी मोडनार, आन हितं आमाला कोन घालनार? तुझा बा? ह्येंच्या हातानं आता चमचा बी धरवायचा न्हाय म्हन्त्यात. काय आत-बित जायचं न्हाय. भाईर ऱ्हा. आन राब."

पोलीस आला तेव्हा गुंडूनं सांगितलं, पायरीवरनं पडलो. पोलिसानं फळीकडे बघितलं, भीमाप्पाच्या तोंडाकडे बघितलं, आणि लिहून घेतलं.

हातात स्टीलची पट्टी आणि सात स्क्रू बसले. वर्षभरानं पट्टी काढून दुसरी बसवली. हात सरळ झाला नाही; कोपरात वाकलेला राहिला, बोटं मिटत नव्हती. फाउंड्रीत अशा हाताला काम नसतं. भीमाप्पा दिवसपाळी करून दुसऱ्या पाळीत माल उतरवायला थांबायला लागला. चाळीस पेट्यांच्या पन्नास केल्या. सात तारखेला पगाराचं पाकीट तसंच नेऊन बायडाबाईच्या हातात द्यायचं, ती त्यातून जेवढं परत देईल तेवढ्यात महिना काढायचा. ती कमीच द्यायची. 

निपाणीला तो पहिल्या वर्षी चारदा गेला. दार उघडलं नाही. चन्नम्मानं शब्द दिला होता तसाच पाळला.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एका कास्टिंगला भोक पडलं म्हणून नव्या सुपरवायझरनं सगळ्यांसमोर त्याच्या कानफटात मारली. वयानं निम्मा पोरगा. कानातून रक्त आलं आणि त्या बाजूचं ऐकू यायचं थांबलं. खात्यातली माणसं रॅमर टाकून बघत राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ह्याचा मुडदा पडतोय. भीमाप्पानं रॅमर दोन्ही हातांनी धरला, इतका घट्ट की नखं पांढरी पडली, आणि पुढची पेटी ठोकायला घेतली.

जेवणाच्या सुट्टीत हंबीरराव नावाच्या भट्टीवाल्यानं विचारलं, "काय रं भीमाप्पा, देवमानूस झालास व्हय?"

"न्हाय मर्दा," भीमाप्पा म्हणाला. "परवडत न्हाय."

दोन हजार सहात हातानं साचे करायचं खातं बंद झालं आणि मशीन आली. पंचवीस वर्षांचा फंड आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात पडली. भीमाप्पा पैसे घेऊन घरी गेला नाही, भिंतीपलीकडे गेला. गुंडूला म्हणाला, एका हातानं चालेल असलं काय काम हाय ते सांग.

दोन हजार सातच्या मार्चात गिरणी सुरू झाली. निपाणीला सांगावा बायडाबाईनं स्वतः नेला. चन्नम्मा आली. आठ वर्षांनी. केस पांढरे झाले होते, कपाळावर डोणीच्या काठाचा व्रण होता. तिनं भीमाप्पाला दिवसभर पोती वाहताना बघितलं. कुणी त्याला बहिऱ्या म्हणालं, कुणी मुद्दाम पाय आडवा घातला आणि तो पोतं सावरून पुढं गेला, ते बघितलं. संध्याकाळी तो तिला स्टँडवर सोडायला गेला.

"चल घरी," तो म्हणाला. "हात उचलत न्हाय मी आता. इचार कुनाला बी."

"बघितलं मी." एसटी लागली होती. तिनं पिशवी खांद्याला घेतली. "चांगलं झालं. पन त्यासाठनं गुंडूभावजींचा हात गेला. तवा मला कसं यायला जमंल? न्हाय येत मी."

ती चढली. तो एसटी वळेपर्यंत उभा राहिला आणि मग उचगावला परत आला, कारण अजून सहा पोती उतरवायची होती.

पंचवीस वर्षांच्या चाकरीचे जे काही पैसे झाले त्यातून हे उभं राहिलं: गुंडूच्या गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड, दहा हॉर्सपॉवरची मोटर, एक पिठाची गिरणी आणि चटणी कांडपाचं दोन मुसळांचं मशीन. मिरची डाव्या हातानं ओतली तरी चालते. बटण अंगठ्यानं दाबता येतं. दारावर पाटी आहे, तिच्यावर बायडाबाईचं नाव आहे.